धाप सांभाळताना: फुप्फुसांच्या जुनाट आजारात घरची उपशामक काळजी

सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), पल्मनरी फायब्रोसिस (फुप्फुसात व्रण होऊन ते ताठ होणे), ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठणे) यांत फुप्फुसाची एकदा झालेली हानी सहसा भरून येत नाही. मात्र धाप कमी करता येते, तिची भीती त्याहून जास्त कमी करता येते. हेच उपशामक काळजीचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे काम. ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. इनहेलर, व्यायाम, ऑक्सिजन, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी हे सगळे चालू असतानाच तिची सुरुवात करायची असते.

सुरुवात कधी करायची

सीओपीडीची वाट जिन्यासारखी असते. माणूस दवाखान्यात जातो, सावरून घरी येतो, पण आधीच्या पायरीवर पोचत नाही. कोणती भरती शेवटची ठरेल हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. म्हणून ‘आता किती दिवस उरले?’ याचे उत्तर मिळण्याची वाट पाहणाऱ्या घरात ही काळजी फार उशिरा पोचते.

त्याऐवजी खुणा पाहा. कपडे बदलताना दम लागतो किंवा दम लागतो म्हणून घराबाहेर पडणे बंद झाले आहे; वर्षभरात दोन किंवा जास्त वेळा दवाखान्यात भरती व्हावे लागले; घरी ऑक्सिजन किंवा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) आला; प्रयत्न न करता वजन उतरते आहे. यातली एक खूण दिसली तरी डॉक्टरांकडे विषय काढा. फायब्रोसिसमध्ये मात्र निदान झाले की लगेच बोलावे, कारण हा आजार काही जणांमध्ये महिन्यांच्या हिशेबात पुढे सरकतो.

पहिले काम: धाप मोजा

बहुतेक घरांत ऑक्सिमीटर असतो आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. तो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. धाप ही मेंदूला जाणवणारी श्वासाची ओढाताण आहे, आणि या दोन गोष्टी बरोबरीने चालत नाहीत. ९५ आकडा असलेला माणूस कासावीस असू शकतो, ८६ वाला शांत बसलेला असू शकतो.

म्हणून एका वहीत आठवडाभर तीन गोष्टी लिहा. बसलेले असताना ० ते १० मध्ये धाप किती (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे कल्पना करता येईल तितकी जास्त). एखाद्या ठरलेल्या कामानंतर, समजा आंघोळीनंतर, ती किती. आणि ती खाली यायला किती मिनिटे लागली. तिसरा आकडा सर्वांत मोलाचा आहे. दर वेळी ६-७ मिनिटांत धाप बसते हे स्वतःच्या वहीत दिसले की ‘आता संपलो’ ही भावना हळूहळू सैल होते.

ऑक्सिमीटर लावायचाच असेल तर बोट गरम करून, नेलपॉलिश काढून, हात स्थिर ठेवून लावा आणि आकडा किमान अर्धा-एक मिनिट स्थिरावू द्या. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. धाप लागली की आधी बोट पुढे करायची सवय मोडा. आकडा उतरलेला दिसला की भीती चढते आणि भीतीने धाप वाढते.

दुसरे काम: गाठ कुठे बसते ते समजून घ्या

सीओपीडीमध्ये श्वासनळ्या श्वास सोडताना मिटतात. श्वास भराभर चालला की आतली हवा पूर्ण बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ती साठते, छाती फुगते, आणि पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. रुग्ण म्हणतो, ‘श्वास आत जात नाही.’ खरी अडचण तो बाहेर जात नाही ही असते. अशा वेळी घरचे लोक मायेपोटी ‘जोरात श्वास घ्या’ म्हणतात, त्याने छाती आणखी फुगते. म्हणायचे ते एवढेच: ‘हळू सोडा.’

याच्या भोवती आणखी दोन फेरे चालतात. एक भीतीचा: घाबरले की श्वास वेगाने चालतो, मान-खांदे ताठतात, ऑक्सिजनची गरज वाढते. दुसरा बसून राहण्याचा: दम लागतो म्हणून चालणे बंद, चालणे बंद म्हणून मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंना तेच अंतर चालायला जास्त हवा लागते. पुढचे सगळे उपाय या तीनपैकी कोणता ना कोणता फेरा तोडतात.

तिसरे काम: शरीराला चार सवयी लावा

या सवयी बरे वाटत असताना, दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटे शिकायच्या. धाप लागल्यावर पहिल्यांदा करून पाहिल्या तर त्या जमत नाहीत आणि ‘उपयोग होत नाही’ म्हणून कायमच्या सोडल्या जातात.

बसण्याची ढब: खुर्चीत किंचित पुढे सरका, पाय जमिनीवर टेकवा, पुढे वाका आणि कोपरे मांडीवर ठेवा. मनगटे सैल. समोर टेबल असेल तर त्यावर दोन उशा ठेवून हात आणि डोके टेकवा. हातांना आधार मिळाला की मान आणि खांद्यांचे स्नायू श्वासाच्या कामी येतात. उभे असताना भिंतीला पाठ टेकवून पाय भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा, किंवा कठड्यावर कोपरे टेका. अंथरुणात कुशीवर वळा, डोके आणि खांदे उशांनी उंच करा. उशी खांद्याखालीही गेली पाहिजे. फक्त डोक्याखाली दिली तर हनुवटी छातीवर येते.

ओठ आवळून श्वास: नाकाने दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्या. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजेपर्यंत सोडा. फुंकायचे नाही, ढकलायचे नाही, हवा सुटू द्यायची. ओठांच्या अडथळ्याने नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. चार अंक जमत नसतील तर तीन चालतील. फायब्रोसिसमध्ये फुप्फुस ताठ असते आणि श्वास मुळातच उथळ व वेगाचा असतो. तिथे लांब श्वास सोडण्याचा आग्रह धरू नका, खांदे सैल सोडणे आणि पंखा यांवर भर द्या.

जोर लावताना श्वास सोडणे: उठताना, वाकताना, पायरी चढताना अनेक जण नकळत श्वास रोखतात. श्वास घ्या, आणि ताकद लावायच्या क्षणी सोडत उठा.

पंखा: हातात मावणारा, बॅटरीवरचा. चेहऱ्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर धरा आणि वारा नाक, वरचा ओठ आणि गालांच्या मध्यावर येऊ द्या. या भागातली संवेदना वाहून नेणारी मज्जातंतू गार वाऱ्याने जागी होते आणि मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. पाच मिनिटे तरी धरा, गरज पडली तर दहा. लोक तो छातीवर किंवा हातभर लांबून धरतात आणि मग काही जाणवत नाही. पंखा नसेल तर ओल्या गार कपड्याने गाल पुसा.

चौथे काम: धापेच्या झटक्यासाठी एक कागद

तो रुग्णाच्या खुर्चीजवळ भिंतीला लावा. मोठी अक्षरे, थोडे शब्द, आणि क्रम ठरलेला: थांबा. पुढे वाकून बसा. पंखा लावा. हळू सोडा. डॉक्टरांनी सांगितलेले आराम देणारे इनहेलर, सांगितलेल्या संख्येने, स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीतून). दहा-पंधरा मिनिटे. उतार नसेल तर डॉक्टरांनी त्याच कामासाठी लिहून दिलेले औषध. खाली फोन नंबर.

सोबतच्या माणसाने समोर न उभे राहता बाजूला बसावे, खांद्यावर हात ठेवावा आणि स्वतःचा श्वास मुद्दाम संथ करावा. प्रश्न विचारू नयेत, कारण उत्तर द्यायला श्वास लागतो. हो-नाही साठी बोट हलवण्याची खूण आधीच ठरवून ठेवा.

याच कागदाच्या मागे घरी थांबायचे नाही अशी लक्षणे लिहा: अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन धाप, ओठ निळे पडणे, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, एका पायाला नव्याने सूज आणि दुखणे, थुंकीतून रक्त. कफ वाढला, त्याचा रंग हिरवट झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी फोन करा. घरी ठेवायला दिलेला स्टेरॉइड-अँटिबायोटिकचा साठा असेल तर तो कधी सुरू करायचा हेही आधी विचारून ठेवा.

पाचवे काम: दिवसाची मांडणी

दमणुकीचे सगळ्यात मोठे काम आंघोळ. पाठ टेकेल अशी खुर्ची न्हाणीघरात ठेवा, पाणी कोमट, दार किंवा खिडकी किलकिली, कारण वाफेने गुदमरल्यासारखे होते. केस धुताना हात डोक्यावर नेल्याने धाप वाढते, ते काम दुसऱ्याने करावे. अंग पुसत बसण्यापेक्षा जाड सुती अंगरखा घालून पाच मिनिटे बसले की पाणी आपोआप टिपले जाते. घरी ऑक्सिजन असेल तर नळी आंघोळीतही नाकाला राहू द्या. नेमक्या त्याच वेळी ती काढून ठेवली जाते.

दिवसातली मोठी कामे लागून ठेवू नका. बरा वाटणारा तास ओळखा आणि तो रुग्णाच्या आवडीच्या गोष्टीला द्या, घरकामाला नको. आणि पूर्ण विश्रांती हा उपाय नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा ते आठ आठवड्यांचा फुप्फुस-पुनर्वसनाचा कार्यक्रम गंभीर आजारातही धाप कमी करतो. तो शक्य नसेल तर खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, मध्ये थांबत, दिवसातून दोनदा. व्यायामात धाप ३ ते ४ पर्यंत गेली तर बिघडत नाही.

इनहेलर पुन्हा एकदा पाहा

आजार वाढतो तशी श्वास ओढण्याची ताकद घटते. कोरड्या पावडरच्या इनहेलरला जोराचा श्वास लागतो, तो नसेल तर औषध घशातच राहते. वर्षानुवर्षे चाललेले औषध अचानक ‘लागू पडेनासे’ होते त्याचे हे एक नेहमीचे कारण. स्पेसरसह फवारा किंवा नेब्युलायझर (औषधाची वाफेसारखी फवारणी करणारे यंत्र) असा बदल डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरून पाणी थुंका. जिभेवर पांढरा थर आणि जळजळ म्हणजे बुरशी, तिचे औषध सोपे आहे. बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक बंद करू नका.

ऑक्सिजन: कुणाला, किती, कसा

ऑक्सिजन हे औषध आहे आणि ते रक्तातली कमतरता भरून काढते. आजार स्थिर असताना, बसलेल्या अवस्थेत धमनीतल्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी (पारा) किंवा कमी, अथवा ऑक्सिमीटरवर ८८ किंवा कमी असेल, तर सीओपीडीमध्ये रोज किमान १५ तास ऑक्सिजनने आयुष्य वाढते. हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांतून समजले. दिवसातून तासभर, ‘जरा बरे वाटावे म्हणून’ घेतल्याने तो लाभ मिळत नाही.

उलट बाजूही महत्त्वाची. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असलेल्या पण धाप असलेल्या रुग्णांना नाकातल्या नळीतून ऑक्सिजन आणि साधी हवा देऊन २०१० च्या एका चाचणीत तुलना केली गेली. दोन्ही गटांना आराम सारखाच वाटला. अशा रुग्णासाठी आधी पंखा वापरून पाहणे शहाणपणाचे.

सीओपीडीमध्ये ऑक्सिजन वाढवून आकडा ९८ वर नेणे धोक्याचे आहे. काही रुग्णांत त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो: सकाळी डोके दुखते, झापड येते, हात थरथरतात, बोलणे विस्कळीत होते. अशांसाठी लक्ष्य ८८ ते ९२. धाप वाढली म्हणून घरच्यांनी मनाने काटा फिरवू नये.

काँसंट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर दूर ठेवा, त्याला हवा ओढायची असते. बाहेरची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा. हवा येत नाही असे वाटले तर नळीची टोके पाण्याच्या पेल्यात बुडवा. बुडबुडे दिसले तर यंत्र ठीक आहे. नसतील तर नळी खुर्चीखाली दबली आहे का, ओलाव्याच्या बाटलीचे झाकण तिरके बसले आहे का, हे पाहा. बाटली वापरत असाल तर त्यात डिस्टिल्ड पाणी, रोज बदलून. कानामागे कापडाची घडी ठेवली की जखम होत नाही.

वीज गेली तर काय, याचा हिशेब आधी करा. सिलिंडरमधले लीटर भागिले मिनिटाचा प्रवाह म्हणजे मिनिटे: १५०० लीटर, २ लीटरच्या प्रवाहाने, ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास. अर्धा संपलेला सिलिंडर म्हणजे निम्मा वेळ.

आगीपासून किमान तीन मीटर अंतर. त्या खोलीत कुणीही विडी-सिगारेट ओढायची नाही, ई-सिगारेटही नाही. नाकाला व्हॅसलिनसारखे तेलकट मलम लावू नका, पाण्यावर आधारित जेल लावा. नळी चालू ठेवून अंथरुणावर टाकू नका. पांघरुणात ऑक्सिजन साठतो आणि एका ठिणगीने ते भडकते.

मॉर्फिन, भीती न बाळगता आणि भाबडेपणा न करता

वरचे सगळे नीट करूनही विश्रांतीत धाप राहिली तर डॉक्टर अगदी थोड्या मात्रेत तोंडाने मॉर्फिन देऊ शकतात. याविषयी दोन टोकाच्या समजुती आहेत. पहिली, मॉर्फिन म्हणजे शेवट. स्वीडनमधील सीओपीडी रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेचा वाढत्या भरतीशी किंवा मृत्यूशी संबंध दिसला नाही. त्याहून जास्त मात्रेत मात्र धोका दिसला. दुसरी समजूत, ते सगळ्यांना लागू पडते. २०२२ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रोजच्या ठरावीक मॉर्फिनने सरसकट धाप उतरल्याचे दिसले नाही. म्हणून योग्य रीत अशी: थोड्या मात्रेने सुरुवात, वहीतल्या आकड्यांवर आठवडाभर नजर, फरक नसेल तर बंद.

सुरुवातीची मात्रा बहुधा १ ते २.५ मिलिग्रॅम असते, तीही वय आणि मूत्रपिंडे पाहून. मूत्रपिंडे कमजोर असतील तर औषध शरीरात साठते. पहिल्या दिवसापासून रेचक हवे, बद्धकोष्ठ झाल्यावर नव्हे. मळमळ आणि झापड बहुधा काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. कुंथल्यानेही धाप लागते हे लक्षात ठेवा. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्यासोबत मॉर्फिन धोक्याचे. हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठाहून कमी असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर लगेच मदत बोलवा. औषध कुलपात ठेवा आणि दर मात्रेची वेळ लिहा.

डायझेपाम, लोराझेपाम यांसारख्या घबराट शमवणाऱ्या गोळ्यांनी धाप कमी होते असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. झापड आणि पडण्याचा धोका मात्र वाढतो. त्या तीव्र घबराटीसाठी, शेवटच्या फळीत.

कफ, खोकला, जेवण

कफ चिकट असेल तर जोराने खोकून थकण्यापेक्षा हफिंग शिका: मध्यम श्वास घ्या आणि आरशावर वाफ धरावी तसे तोंड उघडे ठेवून ‘हाऽ’ करत सोडा. दोन-तीन वेळा, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा. कफ वर आला की एकदाच खोका. फायब्रोसिसच्या कोरड्या खोकल्यावर कमी मात्रेतले मॉर्फिन उपयोगी पडल्याचे चाचणीत दिसले आहे, तेव्हा ‘याला काही उपाय नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

भरलेले पोट छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे-थोडे, मऊ आणि कमी घासांत जास्त ऊर्जा देणारे अन्न द्या. जेवणाआधी अर्धा तास विश्रांती, ताठ बसणे, ऑक्सिजनची नळी नाकाला. आजाराच्या उत्तरार्धात भूक मरते. ती आजाराची खूण आहे, तुमच्या स्वयंपाकाची नव्हे, आणि तेव्हा भरवण्याचा हट्ट सोडावा.

बोलायचे ते धाप नसताना बोला

अतिदक्षता विभागाच्या दारात, मास्क लावलेल्या माणसाला ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ हे विचारणे फार क्रूर असते. तो प्रश्न शांत दिवशी घ्या. सुरुवात मृत्यूपासून करू नका. ‘मागच्या भरतीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? पुन्हा तेच करायला तुमची तयारी आहे?’ असे विचारा. मग एकेक ठरवा: बायपॅप चालेल का, घशात नळी घालायची का, अँटिबायोटिकपुरते दवाखान्यात जायचे का, शेवट कुठे हवा, आणि स्वतःला बोलता आले नाही तर कुणाचा शब्द चालेल.

डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न: हे यंत्र कशासाठी, किती दिवस पाहायचे, आणि तोवर उतार नसेल तर पुढे काय. बायपॅप ठरलेल्या मुदतीपुरता लावून पाहता येतो. जे ठरेल ते तारखेसह लिहा, डॉक्टरांच्या कागदांत जोडा, दर भरतीनंतर पुन्हा विचारा. मत बदलते आणि बदलू द्यावे. अशा लेखी इच्छेचे कायदेशीर वजन प्रत्येक देशात वेगळे आहे, तिथली रीत समजून घ्या.

रात्रपाळी एकाच माणसावर पडू देऊ नका. जागरणाने थकलेली व्यक्ती झटक्याच्या वेळी घाबरते, आणि तिची भीती रुग्णापर्यंत पोचते.

शेवटचे दिवस

माणूस बहुतेक वेळ झोपून राहतो, गिळणे कमी होते, श्वास कधी भरभर तर कधी काही सेकंद थांबतो. गोळ्या आणि इनहेलर शक्य राहत नाहीत, म्हणून मॉर्फिन आणि मिडाझोलाम (घबराट शमवणारे, गुंगी आणणारे औषध) त्वचेखालच्या बारीक सुईतून देण्याची सोय नर्सकडून आधीच करून ठेवा. मध्यरात्री ती जमत नाही. गुदमरून प्राण जाईल ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. वेळेवर औषध मिळाले तर बहुतेकांचा शेवट शांत गुंगीत होतो, हे रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

घशातली घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, पण गुंगीतल्या माणसाला सहसा जाणवत नाही. त्याला कुशीवर वळवा, डोके थोडे उंच करा. सक्शनची (कफ ओढून काढणारी) नळी खोलवर घालणे टाळा. ओठ आणि जीभ दर एक-दोन तासांनी ओल्या बोळ्याने टिपा, पाणी तोंडात ओतू नका. ऑक्सिजनच्या मास्कने जीव घाबरा होत असेल तर नाकातली नळी लावा, आणि तीही नकोशी झाली तर डॉक्टरांशी बोलून काढा. ऑक्सिमीटर कपाटात ठेवा. पंखा चालू राहू द्या, खिडकी उघडा आणि हात हातात घेऊन बसा. तुमचा आवाज त्याला ऐकू येतो असे धरूनच त्याच्याशी बोला.